गढूळ पाणी कुणाचं?

मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला की ओढ्यावर जाऊन पाहा. पाणी कसं दिसतं? गढूळ. त्यातलं तांब्याभर पाणी घरी आणा, रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी गाळ बसलेला असेल. तो गाळ म्हणजे आपल्याच रानाची वरची माती. पिकाचं बळ याच वरच्या थरात असतं.

बीड जिल्ह्यात बालाघाटाचा डोंगर आडवा पसरला आहे. आष्टी, पाटोदा भागांत माळरान पुष्कळ. माळावर माती थोडी, खाली मुरूम. पाऊस कमी, पण कधी कधी एकदम कोसळतो. वीतभर मातीतली बोटभर गेली, तर मागे काय उरलं?

म्हणून उताराला आडवं चालावं. कुळव आडवा, पाभरही आडवी. मग एकेक तास म्हणजे लहानसा बांधच. पाणी तिथे थांबतं, मुरतं. उभं पेरलं तर त्याच तासांचे पाट होतात.

बांध घालावा, आणि घातलेला कोरू नये! एका तासाच्या लोभानं भाऊ भाऊ बांध कोरतात, मग कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. फुटक्या बांधातून माती मात्र दोघांचीही जाते. 2016 साली अंबाजोगाई तालुक्यात पानी फाउंडेशनच्या स्पर्धेसाठी लोकांनी एकत्र येऊन चर खणले, बांध घातले. एकट्याच्या बांधानं सगळी टेकडी अडत नाही.

आता खताचं. आपल्याकडची पुष्कळ माणसं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. गाडी असली तर बैलही जातात. त्यांचं शेण कारखान्याच्या तळावर पडतं. घरी उरलेल्या शेणाच्या गोवऱ्या होतात. मग रानाला काय? आपण युरिया टाकतो. त्यात नत्र आहे, पण ओल धरून ठेवणारा कुजका पाला नाही.

मूग, उडीद, तूर पालटून पेरा. मुगाचं रोप फुलावर असताना हळूच उकरून पाहा. मुळांवर गाठी दिसतील. एक गाठ नखानं फोडा. आत तांबूस असेल तर ती हवेतलं नत्र पिकाला देते आहे. पैसा न देता! शेंगा तोडल्यावर ती मुळं रानातच राहू द्या.

तोडीला जाण्याआधी सावलीत खड्डा खणा. पालापाचोळा, धसकटं, शेण, थोडी माती असे थर द्या. भरताना पाणी शिंपडा, वरून चिखलानं लिंपा. कुणी म्हणेल, निघायच्या घाईत हे कोण करणार? आम्हाला ते कळतं. पण एवढं केलंत तर उन्हाळ्यात परत याल तेव्हा खत तयार असेल. मृगाआधी ते रानात पसरा आणि त्याच दिवशी कुळवानं मातीत मिसळा. उन्हात उघडं पडलं तर त्याचा कस जातो.