आज्ञापत्रापासून उत्सवापर्यंत : १९ जूनच्या मुक्तिदिनाचा अर्थ

१

अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील गॅल्व्हेस्टन या बंदरात १९ जून १८६५ रोजी संघराज्याच्या सेनेचा एक हुकूम प्रसिद्ध झाला. मेजर जनरल गॉर्डन ग्रेंजर याच्या अधिकारात निघालेला हा ‘सामान्य हुकूम क्रमांक ३’ अवघ्या चार वाक्यांचा आहे. टेक्सासमधील सर्व गुलाम मुक्त झाले असल्याचे त्यात जाहीर केले आहे. या हुकमाच्या तारखेस कृष्णवर्णीय अमेरिकी समाज दरवर्षी उत्सव साजरा करीत आला. जून महिना आणि एकोणिसावी तारीख यांची इंग्रजी नावे लोकांच्या बोलण्यात एकमेकांत मिसळून ‘जूनटीन्थ’ हे त्या उत्सवाचे नाव तयार झाले. १९८० पासून हा दिवस टेक्सास राज्याची, आणि २०२१ पासून संपूर्ण अमेरिकेची, अधिकृत सुट्टी आहे.

या उत्सवाचा इतिहास आता पुष्कळ सांगितला जातो. प्रस्तुत लेखाचा हेतू मर्यादित आहे. ज्या मजकुराभोवती हा उत्सव उभा राहिला तो मजकूर कोणी, कोणास उद्देशून लिहिला होता, आणि उत्सवाने त्याचे काय केले, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे. भारतीय साहित्याच्या, विशेषतः मराठीच्या, अभ्यासकास हा प्रश्न परका वाटू नये, हे लेखाच्या उत्तरार्धात दिसून येईल.

२

प्रथम तारखेचा विचार करू. कायद्याच्या दृष्टीने पाहिल्यास १९ जून हा अमेरिकेतील गुलामगिरीच्या समाप्तीचा दिवस नव्हे. अध्यक्ष अब्राहम लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ रोजी अमलात आला. परंतु तो बंडखोर राज्यांतील प्रदेशापुरताच होता. संघराज्याशी एकनिष्ठ राहिलेल्या डेलावेअर व केंटकी या राज्यांत गुलामगिरी त्यानंतरही चालू राहिली आणि राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीस ६ डिसेंबर १८६५ रोजी पुरेशा राज्यांची मान्यता मिळाल्यावरच ती तेथे संपली. म्हणजे १९ जून ही तारीख जाहीरनाम्याच्या सुमारे अडीच वर्षे मागून आणि घटनादुरुस्तीच्या जवळजवळ सहा महिने आधी येते. आरंभ आणि अखेर या दोहोंना सोडून लोकांनी मधलीच तारीख का निवडली?

याचे प्रचलित उत्तर असे, की मुक्तीची वार्ता टेक्सासला उशिरा पोहोचली. वार्ता घेऊन निघालेला दूत वाटेत मारला गेला, तो खेचरावर बसून आल्यामुळे त्याला इतका काळ लागला, मालकांनी आणखी एक पीक पदरात पडेपर्यंत ती दडवून ठेवली, अशा कथा टेक्सासमध्ये परंपरेने सांगितल्या जातात. लोककथा म्हणून त्यांचे मोल आहेच. परंतु जाहीरनाम्याची बातमी टेक्सासमध्ये कोणासच ठाऊक नव्हती असे मानण्याचे कारण नाही. वृत्तपत्रे निघत होती, मालकवर्गाला ती माहीत होती, आणि मालकांच्या घरात वावरणाऱ्या गुलामांच्या कानांवरही ती गेली असणार. उणीव होती ती अंमल बसविणाऱ्या सत्तेची. जनरल ली याची शरणागती ९ एप्रिल १८६५ रोजी झाली, तरी मिसिसिपीच्या पश्चिमेकडील बंडखोर सेना जूनच्या आरंभापर्यंत शरण आली नव्हती. टेक्सासमध्ये युद्धाची झळ कमी लागली होती. म्हणूनच युद्धकाळात इतर राज्यांतील मालक आपले गुलाम घेऊन तेथे आले होते. मुक्तीच्या वेळी त्या राज्यात सुमारे २,५०,००० माणसे गुलामगिरीत होती. संघराज्याची सेना गॅल्व्हेस्टनला उतरली तेव्हा जुन्याच शब्दाला प्रथमच बळ आले.

लोकांनी निवडलेली तारीख म्हणून सूचक आहे. शब्द उच्चारला गेला तो दिवस त्यांनी घेतला नाही, तो शब्द आपल्या अंगणात खरा ठरू लागला तो दिवस घेतला. या निवडीत आनंदाबरोबर एक आरोपही आहे. मधल्या अडीच वर्षांचा हिशेब दर वर्षी त्या तारखेबरोबर पुन्हा मांडला जातो.

३

आता हुकमाच्या मजकुराकडे वळू. ग्रेंजर याने तो एका हवेलीच्या सज्जातून स्वतः वाचून दाखविला, ही समजूत रूढ असली तरी तिला समकालीन आधार नाही. मजकूर मात्र निःसंदिग्धपणे उपलब्ध आहे. त्याची मूळ हस्तलिखित नोंद २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आढळली.

हुकमाचे पहिले वाक्य टेक्सासच्या लोकांना उद्देशून आहे. सर्व गुलाम मुक्त आहेत, असे या ‘लोकांना’ कळविण्यात येते. म्हणजे ज्यांना कळवावयाचे ते ‘लोक’ आणि ज्यांच्याविषयी कळवावयाचे ते गुलाम, असे दोन गट त्या वाक्याच्या रचनेतच पडतात. दुसऱ्या वाक्यात माजी मालक व माजी गुलाम यांच्यात व्यक्तिगत हक्कांची आणि मालमत्तेच्या हक्कांची संपूर्ण समता घोषित केली आहे, आणि यापुढे त्यांचे नाते मालक व मजुरीवर राबणारा कामगार असे राहील, असे सांगितले आहे. या दोन वाक्यांत हुकमाची उंची आहे. उरलेल्या दोन वाक्यांत सूर पालटतो. मुक्त झालेल्यांनी आहेत त्याच घरी शांतपणे राहून मजुरीवर काम करावे, लष्करी ठाण्यांपाशी गोळा होऊ नये, आळशीपणाने राहिल्यास त्यांना कोठेही पोसले जाणार नाही, असा सल्ला व इशारा तेथे आहे.

संपूर्ण मजकुरात मुक्त झालेली माणसे तृतीय पुरुषात आहेत. त्यांच्याविषयी बोलले जाते, त्यांना सल्ला व ताकीद दिली जाते. परंतु ‘तुम्ही’ म्हणून त्यांना कोठेही संबोधिलेले नाही. शिवाय पिढ्यानुपिढ्या बिनमोल राबलेल्या माणसांना स्वातंत्र्याच्या पहिल्याच दिवशी आळसाविरुद्ध बजावले जावे, यातील विपर्यास वेगळा सांगावयास नको.

या इशाऱ्याचे पडसाद पुढे कायद्यातही उमटले. तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी नष्ट केली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची चाकरी तिने वगळून ठेवली. १८६६ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने मजुरीचे करार आणि भटकेपणा यांविषयी कायदे करून मुक्त माणसांना पुन्हा शेतमालकांच्या कह्यात आणण्याची सोय केली. पुढे कैद्यांना मजूर म्हणून भाड्याने देण्याची पद्धत रूढ झाली. आळशी आणि गुन्हेगार या दोन शब्दांच्या आडून जुनी सक्ती नव्या नावाने वावरत राहिली.

४

या पार्श्वभूमीवर उत्सवाचे कार्य लक्षात येते. १८६६ पासूनच टेक्सासमधील मुक्त समाज १९ जून साजरा करू लागला. प्रार्थना, मिरवणूक, सहभोजन, खेळ आणि भाषणे हे त्याचे घटक होते. आणि जाहीरनाम्याचे किंवा हुकमाचे जाहीर वाचन हे त्यातील एक मुख्य अंग होते. गुलामगिरीत ज्यांना अक्षरओळख होऊ दिली जात नव्हती, त्या समाजातील एखादा वाचता येणारा माणूस आता उभा राहून तो कागद आपल्या माणसांना वाचून दाखवी. १९३६ ते १९३८ या काळात सरकारी लेखन-प्रकल्पाने गुलामगिरी भोगलेल्या वृद्धांच्या आठवणी टिपून घेतल्या. मालकाने सर्वांना एकत्र बोलावून कागद वाचून दाखविल्याचा प्रसंग त्यांत वारंवार येतो. उत्सवात तोच प्रसंग पुन्हा घडतो, फक्त वाचणारा बदलतो. ज्यांच्याविषयी लिहिले गेले तेच वाचू लागले, म्हणजे तृतीय पुरुषाचा प्रथम पुरुष झाला. व्याकरणातील हा पालट हाच या उत्सवाचा गाभा होय, असे मला वाटते.

उत्सवाचे इतर विशेषही याच दिशेने जातात. हुकमाने गोळा होण्यास मनाई केली होती. उत्सव म्हणजे तर गोळा होणेच. सार्वजनिक जागा कृष्णवर्णीयांना मोकळ्या नव्हत्या, तेव्हा १८७२ मध्ये ह्यूस्टनमध्ये, पूर्वी गुलाम असलेले धर्मोपदेशक जॅक येट्स यांच्या पुढाकाराने, लोकांनी पैसे जमवून दहा एकर जमीन विकत घेतली आणि तिला ‘मुक्ती उद्यान’ असे नाव दिले. मालमत्तेच्या हक्कांविषयीचे हुकमातील वाक्य असे जमिनीवर उतरले. या दिवशी नवे कपडे घालण्याची चाल आहे, आणि गुलामगिरीतील चिंध्या लोकांनी नदीत फेकून दिल्याची आठवण त्यासोबत सांगितली जाते. भोजनात निखाऱ्यांवर भाजलेले मांस, कलिंगड आणि लाल रंगाचे पेय असते. हा लाल रंग कोणी सांडलेल्या रक्ताशी जोडतात, तर कोणी पश्चिम आफ्रिकेतील पेयाशी. तेथे लाल अंबाडीच्या बोंडांपासून तसे पेय आजही करतात. आपल्या शेताच्या बांधावरील वनस्पती एका दूरच्या समाजाच्या स्मृतीत असे स्थान मिळवून आहे.

उत्सवासाठी धर्मभाषेतून आलेला आणखी एक शब्द प्रचारात होता, तो ‘ज्युबिली’. बायबलमध्ये पन्नासाव्या वर्षी बंधनातील माणसांना मोकळे करून आपापल्या कुळाकडे परत पाठविण्याची आज्ञा आहे; त्या वर्षाचे हे नाव. मराठीत ‘मुक्ती’ या शब्दाचीही गोष्ट काहीशी तशीच आहे. जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका हा त्याचा रूढ अर्थ. मालकाच्या वेठीतून सुटका या ऐहिक अर्थाने तो वापरताना आपणही धर्मभाषेतील शब्द जमिनीवर आणतो.

५

मराठीचा या विषयाशी संबंध अनुवादापुरता नाही. जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ मध्ये, म्हणजे गॅल्व्हेस्टनच्या हुकमानंतर आठच वर्षांनी, प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील सदाचारी लोकांनी गुलामांना दास्यातून सोडविले म्हणून जोतीरावांनी तो त्यांना अर्पण केला, आणि आपले देशबांधवही त्यांचा कित्ता गिरवितील अशी आशा प्रकट केली. समुद्रापलीकडील मुक्तीची वार्ता पुण्यास पोहोचली, ती येथील अंमलाची मागणी होऊन. मात्र एक भेद नोंदविला पाहिजे. अर्पणपत्रिकेत गौरव आहे तो मुक्त करणाऱ्यांचा. १९ जूनच्या उत्सवात मध्यभागी असतात ते मुक्त झालेले. जोतीरावांना हा भेद अवगत नव्हता असे नव्हे. ग्रंथ त्यांनी जोतीराव आणि धोंडीराव यांच्या संवादाच्या रूपात लिहिला, आणि त्यात बोलणारे दोघेही शोषितांच्या बाजूचे आहेत.

दुसरा दाखला अधिक जवळचा आहे. १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या गेल्या. सोलापुरासारख्या ठिकाणी त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणातील वसाहती होत्या. देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला, परंतु तो कायदा देशभर रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. त्या समाजांत ३१ ऑगस्ट हा ‘विमुक्त दिन’ म्हणून पाळला जातो. येथेही राष्ट्राची तारीख आणि लोकांची तारीख वेगळी, आणि मधल्या पाच वर्षांचा हिशेब शिल्लक. कायदा गेला तरी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले, हेही साम्य ध्यानी घ्यावे. ‘विमुक्त’ हे रूपही कर्मणी आहे: कोणीतरी सोडलेला. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनांनी हे व्याकरण बदलले. दोन्ही शीर्षके म्हणजे इतरांनी तृतीय पुरुषात लावलेली नावे होती. लेखकांनी ती उचलून प्रथम पुरुषात स्वतःची कथा सांगितली. टेक्सासमध्ये जे उत्सवाने केले, ते येथे साहित्याने केले असे म्हणता येईल.

अमेरिकी साहित्यातही या दिवसाचा माग निघतो. फ्रेडरिक डग्लस यांनी ५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टर येथे केलेल्या भाषणात ४ जुलैचा उल्लेख कटाक्षाने ‘तुमचा’ दिवस असा केला होता. ‘आमचा’ म्हणावा असा दिवस तेव्हा नव्हता. राल्फ एलिसन यांच्या निधनानंतर १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचे नावच ‘जूनटीन्थ’ आहे. तिच्यातील या दिवसाच्या मेळाव्यात प्रवचनकार आणि त्याचा बालसाथी एकमेकांचे बोल उचलीत प्रवचन पुढे नेतात. कीर्तनाच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला ही रचना ओळखीची वाटेल.

६

उत्सवाचा मार्ग सरळ नव्हता. टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे १९ जून १९३९ रोजी, म्हणजे नेमक्या याच दिवशी, गोऱ्या वस्तीत राहावयास आलेल्या एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घरावर जमाव चालून गेला आणि त्याने ते उद्ध्वस्त केले. त्या कुटुंबातील बारा वर्षांची मुलगी म्हणजे ओपल ली. २०१६ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, हा दिवस राष्ट्रीय व्हावा म्हणून त्या वॉशिंग्टनच्या दिशेने पायी निघाल्या. १७ जून २०२१ रोजी अध्यक्ष जो बायडन यांनी विधेयकावर सही केली तेव्हा त्या तेथे उपस्थित होत्या.

राज्यसंस्थेने लोकांचा सण स्वीकारला, की त्याला मान मिळतो; परंतु बोलणारा पुन्हा बदलण्याचा धोकाही त्यासोबत येतो. सुट्टी जाहीर करणारे शासन मुक्तीचे श्रेय आपल्याकडे घेऊ शकते, आणि ज्यांचा हा दिवस ते पुन्हा तृतीय पुरुषात जाऊ शकतात. आपल्याकडील जयंत्या व स्मृतिदिन यांच्या संदर्भात हा अनुभव अनोळखी नाही. हुकमाच्या दुसऱ्या वाक्यातील समता जोवर अपुरी आहे, तोवर तो कागद मोठ्याने वाचण्यास कारण आहे. आणि तो कोण वाचतो यावर उत्सवाचा अर्थ अवलंबून राहील.