बुद्धी मोजणारा हात कोणाचा?
राज्यव्यवस्था आणि मानसशास्त्राची वाटचाल

दगडाचे वजन राजा बदलला म्हणून बदलत नाही. मनाच्या शास्त्राचे तसे नाही. येथे मोजणाराही माणूस आणि मोजला जाणाराही माणूस; दोघेही एका समाजरचनेत, बहुधा तिच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर उभे असतात. कोणता प्रश्न विचारायचा, कोणाची परीक्षा घ्यायची, त्यासाठी पैसा कोणी द्यायचा आणि निष्कर्ष कोणाच्या हाती सोपवायचे, या साऱ्या गोष्टी प्रयोगशाळेच्या आत ठरण्यापूर्वी बऱ्याच अंशी बाहेर ठरलेल्या असतात. १८७९ साली विल्हेल्म वुंट यांनी लाइपझिग येथे प्रयोगशाळा उघडली व आधुनिक मानसशास्त्राचा आरंभ झाला, असे पाठ्यपुस्तके सांगतात. ते खरेच आहे. परंतु या शास्त्राच्या घडणीत राज्यसंस्थेचा वाटा किती, याविषयी ती सहसा मौन बाळगतात.

प्रस्तुत लेखात बुद्धिमापन चाचणी हे एकच साधन घेऊन ते देशोदेशी फिरताना कसे बदलले, ते पाहावयाचे आहे. हेच साधन निवडण्याचे कारण उघड आहे. ‘बुद्धी’ आणि ‘गुणवत्ता’ या दोन शब्दांनी आपल्या अनेक पिढ्यांना शाळेच्या दाराबाहेर उभे केले आहे.

फ्रान्स : मदतीचा प्रश्न

फ्रान्सच्या प्रजासत्ताक सरकारने १८८२ साली ६ ते १३ वर्षांच्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. ज्या घरांत पाटी-पुस्तक कधी आले नव्हते, त्या घरांतील मुलेही वर्गात बसू लागली. काही मुले मागे पडत होती. १९०४ साली शासनाने यासाठी आयोग नेमला आणि १९०५ साली आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांनी चढत्या काठिण्याच्या ३० प्रश्नांची श्रेणी तयार केली. कोणत्या मुलाला विशेष साहाय्याची गरज आहे, हे शिक्षकाच्या मर्जीवर न सोडता ठरविता यावे, हा तिचा हेतू होता. बुद्धी ही जन्मतःच ठरलेली व न वाढणारी वस्तू आहे, हे मत बिने यांनी स्पष्टपणे नाकारले. योग्य सरावाने ती वाढविता येते, असे त्यांचे म्हणणे होते. सर्वांना शिकविण्याची जबाबदारी राज्याने स्वीकारली होती, म्हणून शास्त्राने विचारलेला प्रश्न होता : या मुलाला मदत कोणती हवी?

अमेरिका : प्रतवारीचा प्रश्न

बिने १९११ साली निवर्तले. त्यांची श्रेणी अमेरिकेत पोहोचली तेव्हा तेथील वातावरण निराळे होते. दक्षिणेकडील राज्यांत वर्णविभाजन कायद्याने पक्के झाले होते आणि दक्षिण व पूर्व युरोपातून येणाऱ्या गरीब स्थलांतरितांविषयी रोष वाढत होता. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे लुईस टर्मन यांनी १९१६ साली या श्रेणीची अमेरिकन आवृत्ती सिद्ध केली आणि कृष्णवर्णीय, मेक्सिकन व मूळनिवासी मुलांची बुद्धी वंशतःच कमी असावी, असे मत मांडले. आता प्रश्न झाला : या माणसाला कोणत्या पायरीवर बसवावे?

१९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली. रॉबर्ट यर्क्स यांच्या नेतृत्वाखाली सुमारे १७ लाख सैनिकांच्या चाचण्या झाल्या. ज्यांना इंग्रजी वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी चित्रांची चाचणी होती. त्यात एका चित्रात जाळी नसलेले टेनिसचे मैदान होते आणि काय राहिले आहे ते ओळखायचे होते. ज्याने जन्मात टेनिस पाहिले नाही, त्या शेतमजुराची बुद्धी अशा चित्रावर मोजली गेली!

या चाचण्यांतून एक बोलकी गोष्ट पुढे आली. अमेरिकेत अधिक वर्षे राहिलेल्या स्थलांतरितांचे गुण अधिक होते. याचा सरळ अर्थ असा की, चाचणी देशाच्या भाषेशी व राहणीशी असलेला परिचय मोजत होती. परंतु कार्ल ब्रिगहॅम यांनी १९२३ च्या आपल्या ग्रंथात त्याचा अर्थ लावला तो असा, की अलीकडे येणारे लोक हीन वंशाचे आहेत. पुढच्याच वर्षी, १९२४ साली, स्थलांतरितांवर राष्ट्रनिहाय मर्यादा घालणारा कायदा झाला. तो केवळ या चाचण्यांमुळे झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पूर्वग्रह आधीच पुरेसा बळकट होता. मात्र त्या पूर्वग्रहाला शास्त्राचा झगा मिळाला. १९३० साली ब्रिगहॅम यांनी आपले निष्कर्ष निराधार असल्याची जाहीर कबुली दिली. राष्ट्रनिहाय मर्यादांची ती पद्धत मात्र १९६५ पर्यंत टिकली. शास्त्रज्ञाला चूक मागे घेता येते. तिच्या आधाराने उभी राहिलेली व्यवस्था तितक्या सहजपणे मागे जात नाही.

सोव्हिएत संघ : बंदीचा मार्ग

समाजवादी राज्यातही मानसशास्त्र मोकळे नव्हते. लेव्ह विगोत्स्की यांनी मुलाचे मन सामाजिक संबंधांतून व भाषेतून घडते, असा महत्त्वाचा सिद्धान्त मांडला. त्यांचे सहकारी अलेक्झांडर लुरिया यांनी १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानात जाऊन शालेय शिक्षणामुळे ग्रामीण माणसाच्या विचारपद्धतीत कोणता बदल होतो, याचा अभ्यास केला. हे संशोधन अल्पसंख्य राष्ट्रीयतांचा अवमान करणारे ठरविले गेले आणि ते ग्रंथरूपाने प्रकाशित व्हायला १९७४ साल उजाडले. ४ जुलै १९३६ रोजी पक्षाच्या मध्यवर्ती समितीने एका ठरावाने शाळांतील मानसिक चाचण्या व बालविकासाचे तत्कालीन शास्त्र मोडीत काढले. कामगार-शेतकऱ्यांची मुले चाचण्यांच्या आधारे विशेष शाळांत ढकलली जात आहेत, ही त्या ठरावातील तक्रार बिनबुडाची नव्हती. पण चुकीच्या उत्तराबरोबर प्रश्नही गाडला गेला. १९३४ साली दिवंगत झालेल्या विगोत्स्कींचे ग्रंथ दोन दशके वाचकांपासून दूर राहिले.

दक्षिण आफ्रिका : शास्त्रज्ञच शासक

दक्षिण आफ्रिकेत तर मानसशास्त्राचा प्राध्यापकच राज्यकर्ता झाला. वर्णभेदी राजवटीचे शिल्पकार मानले जाणारे हेंड्रिक फेरवूर्ट यांनी १९२४ साली मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळविली होती व स्टेलनबॉश विद्यापीठात ते उपयोजित मानसशास्त्र शिकवीत. त्यांच्या मंत्रिपदाच्या काळात १९५३ चा बांटू शिक्षण कायदा आला. कृष्णवर्णीय मुलांना हलक्या दर्जाचे, मजुरीपुरते शिक्षण देण्याची सोय त्याने केली. १९६२ साली कृष्णवर्णीयांना सदस्यत्व देण्याच्या प्रश्नावरून तेथील मानसशास्त्रज्ञांची संघटना फुटली व केवळ गौरवर्णीयांची वेगळी संस्था निघाली.

तरीही त्याच देशातील दुसरा आवाज विसरता कामा नये. लॉरेन्स फिक यांनी १९३९ साली आफ्रिकन मुलांची शिकण्याची क्षमताच कमी आहे, असे प्रतिपादन केले. सायमन बीशूवेल यांनी १९४३ च्या आपल्या ग्रंथात आहार, घर, शाळा व संस्कृती यांतील भेद लक्षात घेतल्याशिवाय अशी तुलना करता येत नाही, हे साधार दाखविले. ग्रंथ दोन्ही उपलब्ध होते. राजवटीने आपल्या सोयीचा मार्ग धरला.

बाहुल्यांची साक्ष

हेच शास्त्र शोषितांच्या हाती आले तेव्हा काय घडले? डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तेथूनच पुढे केनेथ क्लार्क (१९४०) व मेमी क्लार्क (१९४३) या कृष्णवर्णीय दांपत्याने मानसशास्त्रात डॉक्टरेट घेतली. त्यांनी लहान मुलांसमोर गोऱ्या व तपकिरी बाहुल्या ठेवल्या आणि ‘चांगली कोणती?’, ‘तुझ्यासारखी कोणती?’ असे प्रश्न विचारले. बहुसंख्य कृष्णवर्णीय मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हणून उचलली. या प्रयोगाच्या मर्यादांवर पुढे चर्चा झाली. परंतु त्याने प्रश्नाची दिशाच फिरविली. या मुलांत उणे काय, असे न विचारता, या व्यवस्थेने मुलांच्या मनाचे काय केले, असे त्यांनी विचारले. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णविभाजन एकमताने घटनाबाह्य ठरविले, त्या निकालाच्या टिपेत क्लार्क यांच्या लेखनाचा उल्लेख आहे.

आपल्याकडे

बाबासाहेबांनी १९३६ सालच्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या भाषणात जात ही विटांची भिंत नसून मनाची अवस्था आहे, असे सांगितले. म्हणजे जातीचा अभ्यास हा मनाचाही अभ्यास आहे. आपल्या देशात १९१६ साली कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने श्रेणीचे मराठी व कन्नड मुलांसाठी रूपांतर केले. कष्टाचे काम होते ते. पण चाचणीचे भाषांतर करता येते. वर्गाबाहेर बसविलेल्या मुलाच्या अनुभवाचे भाषांतर कसे करणार?

या प्रश्नाचे एक ठोस उत्तर कार्ला हॉफ व प्रियंका पांडे यांच्या प्रयोगातून मिळते. त्यांनी उत्तर प्रदेशात तथाकथित उच्च व निम्न जातींतील प्रत्येकी ३२१ शाळकरी मुलांना कागदावरील चक्रव्यूह सोडवायला दिले. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. सर्वांसमोर नाव, गाव व जात पुकारल्यावर निम्न मानलेल्या जातींतील मुलांची कामगिरी घसरली. तीच मुले, तोच कागद, तीच पेन्सिल. बदलली होती ती फक्त घोषणा. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, हा प्रयोग करणाऱ्या दोघी अर्थशास्त्रज्ञ आहेत.

समारोप

नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत मीही एका मुलाच्या प्रगतिपुस्तकावर ‘आकलन मंद’ असा शेरा लिहिला होता. आईवडील ऊसतोडीला जात म्हणून तो वर्षातील निम्मे महिने शाळेतच नसे, हे मला नंतर कळले. मी जे मोजले ते त्याचे आकलन नव्हते, त्याची गैरहजेरी होती. तो शेरा मी खोडला. पण त्या मुलाने तो आधी वाचला होता.

निवासी शाळेचे मोल येथे कळते. वर्षभराचे छप्पर, दोन वेळचे अन्न, संध्याकाळच्या अभ्यासिकेतला दिवा आणि जात न पुकारणारी हजेरी, एवढे मिळाले की ‘मंद’ मानलेली मुले काय करून दाखवितात, याची साक्ष ही स्मरणिका वाचणारे माजी विद्यार्थीच आहेत.

केवळ परंपरा सांगते म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. शास्त्राच्या नावाने समोर येणाऱ्या निष्कर्षालाही हीच कसोटी लावली पाहिजे. पालकांनो, आपल्या पाल्याविषयी कोणी गुणांचा कागद पुढे केला तर तो फेकून देऊ नका आणि त्यापुढे मानही तुकवू नका. प्रश्न कोणी काढला, कोणत्या भाषेत काढला आणि उत्तराचे पुढे काय करणार आहेत, एवढे तीन प्रश्न अवश्य विचारा.

जय भीम! नमो बुद्धाय!