नव्वदाव्या वर्षी दिलेला धडा



मक्काबींची दोन पुस्तके आपल्या कॅथलिक बायबलमध्ये आहेत. ती आपल्याकडून फारशी वाचली जात नाहीत. त्यांपैकी दुसऱ्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात (६:१८-३१) एलाजार नावाच्या एका वृद्ध शास्त्र्याची हकिकत आहे. आज आपण तिच्यावर मनन करू या.

ख्रिस्तपूर्व १६७ च्या सुमारास अंतियोख राजाने यहुदी लोकांवर त्यांचा धर्म सोडण्याची सक्ती केली. नियमशास्त्राने निषिद्ध ठरवलेले डुकराचे मांस खाणे ही धर्मत्यागाची खूण ठरली. नव्वद वर्षांच्या एलाजारच्या तोंडात ते बळजबरीने कोंबले, तेव्हा त्याने ते थुंकून टाकले. तिथले काही अधिकारी त्याचे जुने परिचित होते. त्यांनी त्याला बाजूला घेऊन एक युक्ती सुचवली : तुला चालेल असे मांस तूच आण, ते खा आणि राजाने नेमलेलेच मांस खात आहोत असे फक्त भासव. म्हणजे नियमही मोडणार नाही आणि जीवही वाचेल.

वरवर पाहता या युक्तीत काय वाईट होते? पोटात निषिद्ध अन्न जाणार नव्हते आणि मनातली श्रद्धाही ढळणार नव्हती. तरीही एलाजारने नकार दिला. या वयात असे ढोंग आपल्याला शोभत नाही, असे तो म्हणाला. नव्वदीचा एलाजार शेवटी परधर्मात गेला असे तरुणांना वाटेल, आणि आपल्या थोड्याशा उरलेल्या आयुष्यासाठी त्यांची वाट चुकेल, ही त्याची चिंता होती. शिवाय माणसांच्या शिक्षेतून सुटलो, तरी सर्वसमर्थ परमेश्वराच्या हातून सुटका नाही, हेही तो जाणून होता. त्याने मरण पत्करले.

इथे एक शंका मनात येते. लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नका, असे प्रभू येशूने सांगितले आहे (मत्तय ६:१). मग 'इतरांसमोर आदर्श ठेवणे' हाही एक दिखावाच नाही का? याचे उत्तर एलाजारच्या कृतीत आहे. त्याला नाटक करायला सांगितले होते आणि त्याने नेमके तेच नाकारले. आत एक आणि बाहेर एक असे न राहणे, यालाच आदर्श म्हणतात. दिखाऊ माणूस पाहणारे समोर असतील तेवढ्यापुरता वागतो. प्रामाणिक माणूस कुणी पाहत असो वा नसो, तसाच वागतो, आणि म्हणून मागून येणाऱ्यांना त्याच्या पावलांवर पाऊल ठेवता येते.

या पुस्तकाचा पुढचाच अध्याय उघडा. तिथे सात भाऊ आणि त्यांची आई याच छळाला सामोरे जातात आणि श्रद्धेत अढळ राहतात. वृद्धाच्या साक्षीनंतर लगेच तरुणांची साक्ष येते. हा क्रम आपल्याला पुष्कळ काही सांगून जातो.

संत पौलानेही तीमथ्याच्या श्रद्धेचे मूळ शोधताना त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची नावे घेतली (२ तीमथ्य १:५). दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात आईवडिलांना आपल्या मुलांचे पहिले श्रद्धाप्रसारक म्हटले, आणि हे कार्य शब्दाने व उदाहरणाने करायचे आहे, असे सांगितले. १९८३ च्या धर्मनियमांनुसार स्नानसंस्कारातील धर्ममाता-धर्मपित्याचे वय सर्वसाधारणपणे किमान सोळा वर्षे असावे लागते. त्यांचे जीवन श्रद्धेला साजेसे असावे, हीदेखील अट आहे. या नात्याचे काम बारशाला भेटवस्तू देऊन संपत नाही.

आपली कसोटी तलवारीने होत नाही, घरातच होते. दारात कुणी आले की "बाबा घरी नाहीत म्हणून सांग," असे आपण लेकराला सांगतो. मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गाला पाठवतो आणि स्वतः प्रवचन संपेपर्यंत चर्चच्या आवारात गप्पा मारत उभे राहतो. बांधाच्या वादापायी सख्ख्या भावाशी वर्षानुवर्षे अबोला धरतो आणि रात्री रोझरीत क्षमेची प्रार्थना म्हणतो. "एवढ्याने काय बिघडते?" हाच प्रश्न एलाजारच्या परिचितांनीही विचारला असता. बिघडते ते मागे उभ्या असलेल्या मुलाचे. श्रद्धा ही बोलण्याची गोष्ट आहे, जगण्याची नव्हे, एवढेच तो त्यातून शिकतो.

आदर्श घालून देणे म्हणजे कधीच न चुकणे, असे नव्हे. चुकल्यावर मुलांदेखत पत्नीची किंवा भावाची क्षमा मागणारा बाप, पापनिवेदनाच्या रांगेत नातवासोबत उभी राहणारी आजी, हेही मोठे धडे आहेत.

या आठवड्यात कुटुंबप्रार्थनेनंतर हा अध्याय मोठ्याने वाचा आणि एकमेकांना विचारा :
१. आपल्या घरी बोलण्यात एक आणि वागण्यात दुसरे, असे कुठे घडते?
२. आपली श्रद्धा आपण कुणाला पाहून शिकलो?
३. आपल्याला पाहून आज कोण शिकत आहे?

एलाजारला बळ देणारा परमेश्वर आपल्यालाही आत-बाहेर एकच राहण्याची कृपा देवो.

आपले धर्मगुरू