पोळ्याचं कागदी बॅनर घरी करायचं, तर खर्च किती?

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात कामरगावात बैलांच्या सामानाची खरेदी सुरू होते. मठाट्या, झुली, गोंडे, शिंगांना लावायचं बेगड. त्याच गर्दीत एखादं मंडळ नाहीतर शाळेतली पोरं कागदाच्या दुकानात शिरतात. त्यांना आखरावर किंवा गल्लीच्या तोंडाशी लावायला शुभेच्छांचं बॅनर हवं असतं. फ्लेक्स छापून आणायचं की हातानं करायचं, यावर मग वाद होतो.

स्वस्त पडतं म्हणून कागदी बॅनर करायला निघाला असाल, तर पहिल्या सणाला फारशी बचत होणार नाही. आठ बाय दोन फुटांचं फ्लेक्स म्हणजे १६ चौरस फूट. चौरस फुटाला १२ ते २० रुपये धरले, तर १९२ ते ३२० रुपये होतात. कागदी बॅनर आणि पन्नास फूट पताका यांचं सामान १७० ते २५० रुपयांत बसतं आणि वर दोन संध्याकाळची मेहनत. पैसा वाचतो तो दुसऱ्या सणापासून, तोही अक्षरं नीट पाडली असतील तरच. इथले दर हिशेबापुरते धरले आहेत. दुकानागणिक ते खाली-वर होतात, म्हणून विचारूनच घ्या.

मजकूर साधा ठेवा : ‘पोळ्याच्या हार्दिक शुभेच्छा’. एका पत्त्यावर एक अक्षर घ्यायचं, मात्रेसकट आणि जोडाक्षरासकट. पो, ळ्या, च्या. हा, र्दि, क. शु, भे, च्छा. असे नऊ पत्ते झाले आणि शब्दांमध्ये दोन कोरे, म्हणजे एकूण अकरा. यातल्या ‘च्या हार्दिक शुभेच्छा’ या सात अक्षरांना पुढच्या सणालाही काम आहे. पोळ्यानंतर चौथ्या दिवशी गणपती बसतात. तेव्हा ‘पो’ आणि ‘ळ्या’ काढून ‘ग, णे, शो, त्स, वा’ हे पाच नवे पत्ते ओवले की काम झालं. दसऱ्याला तीन नवी अक्षरं लागतात, दिवाळीलाही तीन. म्हणून या सात पत्त्यांवर हात राखून खर्च करू नका. चांगला जाड कागद आणि न धुपणारा रंग त्यांच्यासाठीच घ्या.

बाजारात मिळणारी मोठी कार्डशीट २२ बाय २८ इंचांची असते. तिच्यात सात इंच रुंद आणि नऊ इंच उंच असे बरोबर नऊ पत्ते निघतात, कडेला इंचभर पट्टी उरते. दोन शीट घेतल्या की अठरा पत्ते मिळतात. पोळ्याला अकरा लागले, उरलेल्या सातांतून गणपतीची पाच अक्षरं फुकटात सुटतात. शीटला १५ ते २० रुपये धरा. हळदी पिवळा रंग आणि त्यावर काळं किंवा लाल अक्षर लांबून सगळ्यात चांगलं वाचता येतं. चंदेरी चमकी मात्र बैलांच्या शिंगांवरच शोभते. बॅनरवर ती उन्हात नुसती लखलखते आणि अक्षर दिसत नाही.

बहुतेक बॅनर आखणीतच बिघडतात. पोरं प्रत्येक अक्षर पत्त्याच्या मधोमध काढतात आणि दोरीवर चढवल्यावर ‘शु’ खाली लोंबतो, ‘र्दि’ वर चढतो. नऊ इंचांची वाटणी आधी पेन्सिलीनं करून घ्या. वरचा एक इंच दोरीवर दुमडायला, त्याखालचे दोन इंच मात्रा, वेलांटी आणि रफारासाठी. मग शिरोरेघ, तिच्याखाली चार इंच अक्षराचं अंग, दीड इंच उकारासाठी आणि शेवटी अर्धा इंच मोकळा. शिरोरेघ सगळ्या पत्त्यांवर एकाच उंचीला आली पाहिजे आणि ती कडेपर्यंत ओढायची. मग पत्त्यांमध्ये दोन-दोन इंचांची फट असली तरी लांबून शब्द सलग दिसतो. ‘र्दि’ आधी रद्दी कागदावर काढून पाहा. वेलांटीचा बाक आणि रफार एकमेकांत गुंततात.

रंग पोस्टर कलरचा नको. पोळा श्रावण अमावास्येचा, म्हणजे ऐन पावसाळ्यातला. एक सर आली की शुभेच्छांचे ओघळ. लोखंडी दारांना लावतात त्या तेलरंगाची सगळ्यात लहान डबी ४० ते ६० रुपयांत आणि ब्रश १५-२० रुपयांत धरा. ही डबी वर्षभर पुरते. रंग रात्रभर वाळू द्या, नाहीतर पत्ते एकमेकांना चिकटतील.

पताकांचा हिशेब सोपा आहे. पतंगी कागदाचा ताव साधारण २० बाय ३० इंचांचा. त्यात पाच बाय दहाच्या बारा पताका निघतात. दोन इंच फट धरली तर पन्नास फुटांना ८६ पताका लागतात, म्हणजे आठ ताव. ताव ३ ते ५ रुपयांना धरला तर २४ ते ४० रुपये. खालच्या टोकाला माशाच्या शेपटीसारखी खाच मारा, वारा निघून जातो. मात्र पतंगी कागदाचा रंग ओला झाला की सुटतो. पांढऱ्याशुभ्र भिंतीला टेकून या पताका लावल्या, तर घरधन्याची बोलणी खावी लागतील.

पताका दोरीला चिकटवायला मैद्याची खळ पुरते. पेलाभर पाण्यात दोन चमचे मैदा गुठळ्या मोडून शिजवायचा. जुने लोक त्यात मोरचूद घालत, पण ते विषारी असतं. पोरं हात घालणार असतील तर घालू नका. पावसात खळ सुटते, म्हणून अक्षरांच्या पत्त्यांची घडी स्टेपलरनं मारा, पिनांना दहा रुपये. घडी दोरीवर सैल राहू द्या, म्हणजे पुढच्या सणाला पत्ते सरकवून काढता येतात. कपड्यांचे चिमटे लावले की पत्ते वाऱ्यानं एका बाजूला गोळा होत नाहीत.

दोरीत कंजुषी नको. सुतळी भिजली की जड होते आणि झोळ पडतो. बारीक नायलॉनची २५ मीटर दोरी ५० ते ८० रुपयांना धरा. तीच पुढच्या वर्षीही वापरता येते.

केवळ कागदासाठी कामरगावाहून कारंज्याची फेरी करू नका, एसटीचं भाडं कागदाहून जड व्हायचं. दुसऱ्या कामाला जाणाऱ्याला यादी द्या. ती आई किंवा काकू असेल तर उत्तमच, कारण मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे.

बांधताना आंब्याच्या पानांच्या तोरणाच्या दोरीला बॅनर अडकवू नका. झडत्या, म्हणजे पोळ्यातली गाणी, संपून तोरण तुटलं की दोरीसकट सगळं खाली येतं. विजेच्या खांबालाही नको, ओली दोरी घात करते. बॅनरची खालची कड बारा फुटांवर असावी, आणि फडफडणारे कागद बैल उभे राहतात त्यांच्या तोंडासमोर नकोत. नवखं गोऱ्हं बुजलं तर आवरताना धांदल उडते. तान्ह्या पोळ्याला ही चिंता नसते. लाकडी बैलांच्या मिरवणुकीत बॅनर पोरांच्या हाताशी राहिलं तरी चालतं.

हेच सात पत्ते १५ ऑगस्टलाही लावता येतात. ‘स्वा, तं, त्र्य, दि, ना’ एवढे पाच पत्ते नवे. त्या दिवशी मात्र तिरंग्यांची माळ करून टांगू नका. ध्वजसंहितेप्रमाणे राष्ट्रध्वज पताका किंवा सजावट म्हणून वापरता येत नाही. केशरी, पांढऱ्या, हिरव्या कागदाच्या सुट्या पताका लावा. हातात धरायचे कागदी झेंडे चालतात, पण कार्यक्रमानंतर ते जमिनीवर टाकायचे नाहीत, गोळा करून मान राखून नष्ट करायचे. दुकानदार प्लॅस्टिकचे झेंडे किंवा सजावटीचं थर्माकोल पुढे करू लागला तर घेऊ नका, १ जुलै २०२२ पासून दोन्हींवर देशभर बंदी आहे.

सण झाला की पत्ते कोरडे करून वर्तमानपत्रात आडवे ठेवा, उभे ठेवले तर वाकतात. पिना पावसात गंजतात आणि पत्त्यावर तांबूस डाग पाडतात, तेव्हा ठेवण्याआधी त्या काढा.