लाजरसाची बंधने कोणी सोडली?



योहानलिखित शुभवर्तमानाच्या ११ व्या अध्यायात प्रभू येशू मेलेल्या लाजरसाला कबरेतून बाहेर बोलावतो. जीवन देणारा प्रभू आहे. पण कबरेवरची धोंड सारण्याचे आणि प्रेतवस्त्रे सोडण्याचे काम त्याने भोवतीच्या माणसांना सांगितले. हाच धडा आज आपण गर्द, अफू आणि तशाच गुंगीच्या गोळ्या-इंजेक्शनांच्या व्यसनाला लावून पाहू या.

२०१९ च्या राष्ट्रीय पाहणी अहवालानुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफूवर्गीय पदार्थ घेतात. आपल्या घोटीतून महामार्गही जातो आणि रेल्वेही. तेव्हा हा प्रश्न फक्त मुंबईचा, असे म्हणून आपल्याला चालणार नाही.

अशा पदार्थाचा डोस जास्त झाला की श्वास मंदावतो. हलवूनही माणूस जागा होत नाही, घशातून घरघर येते, ओठ व नखे निळसर पडतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. अशा वेळी "झोपू दे, उतरेल" म्हणणे जिवावर बेतते. ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास नीट चालू असल्यास रुग्णाला कुशीवर वळवावे; थांबत असल्यास ज्याला येते त्याने तोंडाने श्वास द्यावा. मिठाचे पाणी पाजू नये. काय घेतले ते डॉक्टरांपासून लपवू नये. नॅलोक्सोन हे औषध वेळेवर मिळाले तर काही मिनिटांत श्वास परत येऊ शकतो. मात्र त्याचा असर लवकर ओसरतो, म्हणून शुद्ध आली तरी रुग्णाला दवाखान्यातच ठेवावे.

व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून घरी परतल्यावरचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात. शरीराची सवय मोडलेली असते. मोहाच्या क्षणी घेतलेला पूर्वीइतकाच डोस प्राणघातक ठरतो. नेमक्या याच दिवसांत आपण त्या घरी जायचे टाळतो.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातील विल्क्स परगण्यात फ्रेड ब्रेसन या रुग्णसेवक धर्मोपदेशकाने 'प्रोजेक्ट लाझारस' सुरू केला. डॉक्टर, पोलीस, शाळा आणि चर्च एकत्र आले. लोकांना धोका समजावला, नॅलोक्सोन घरोघरी पोहोचवले. तेथे २००९ मध्ये दर लाख वस्तीमागे सुमारे ४६ जण डोस जास्त होऊन दगावले होते. २०१० मध्ये ही संख्या २९ वर आली.

आपल्याकडेही अशी माणसे उभी राहिली. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये मुंबईत कृपा फाउंडेशन स्थापन केले. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण उभे केले. व्यसनी माणूस आजारी आहे, गुन्हेगार नव्हे, हे त्यांनी महाराष्ट्राला शिकवले.

आपल्यापुढची धोंड आहे लाजेची. "लोक काय म्हणतील" या भीतीने आई-वडील मुलाचे व्यसन लपवतात आणि मदत मागायला उशीर होतो. आपण कुजबुज थांबवली तर ती धोंड हलेल.

कुटुंबात विचार करू या :
१. व्यसनातून परतलेल्या शेजाऱ्याच्या घरी आपण या महिन्यात जाऊ का?
२. १०८ आणि व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन १४४४६ हे क्रमांक घरातल्या सर्वांना पाठ आहेत का?

हे प्रभो, तू ज्याला हाक मारतोस त्याची बंधने सोडण्यास आमचे हात पुढे येऊ दे. आमेन.