परतीचे दिवस दुप्पट धरा

मुंबईहून गोव्याला स्वतःच्या शिडाच्या बोटीने जायचं म्हटलं की लोक जाण्याबद्दलच विचारतात. किती दिवस लागतील, मुक्काम कुठे करायचा, कोणते किल्ले बघायचे. येण्याची चौकशी कोणी करत नाही. खरी कसोटी मात्र येतानाच लागते.

शाळेच्या भूगोलात आपण खारे आणि मतलई वारे पाठ केलेले असतात. कोकणाच्या समुद्रावर नोव्हेंबर ते मार्च सगळा कारभार या दोघांचाच असतो. रात्री जमीन गार झाली की तिच्याकडून मतलई वारा सुटतो आणि सकाळी दहाच्या सुमारास पडतो. मग तासभर शीड नुसतं लोंबत असतं. दुपारी वायव्येकडून खारा वारा उठतो, तीन-चारच्या दरम्यान १५ ते १८ नॉटपर्यंत चढतो आणि दिवेलागणीनंतर मरतो. दक्षिणेला जाताना हा वारा पाठीशी असतो. मुंबई ते पणजी सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास आहे. ३० फुटी बोट दिवसाउजेडी ३५-४० मैल कापते, आणि मुरुड, हर्णै, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग असे टप्पे अगदी मापात बसतात. कोणालाही वाटावं, आपण मोठे दर्यावर्दी आहोत!

परतताना तोच वारा तोंडावर येतो. वाऱ्याच्या डोळ्यात शिडाची बोट जात नाही, तिरकी-तिरकी नागमोडी काढावी लागते. ४० मैलांचे सहज ५५-६० होतात. इंजिनावर जावं, तर आखूड, उभ्या लाटांवर नाळ आपटत राहते, वेग तीन नॉटवर येतो आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे चेहरे पिवळे पडतात. तरीही कितीतरी जण जाण्याला जेवढे दिवस, तेवढेच येण्याला धरतात.

यावर जुना तोडगा आहे. पहाटे मतलई वाऱ्यावर निघायचं, किनारा धरून उत्तरेला सरकायचं आणि खारा वारा उठायच्या आत नांगर टाकायचा. तोडगा खरा आहे, पण तो दिवे नसलेल्या बंदरांच्या आणि विरळ जाळ्यांच्या काळातला. आज मतलई वारा जिथे चांगला मिळतो त्याच पट्ट्यात जाळी दाटीने असतात. रायगडाकडे तर डोल जाळ्यांचे खुंटच समुद्रात रोवलेले असतात. म्हणजे वाऱ्यासाठी किनाऱ्याजवळ जावं आणि जाळ्यांसाठी लांब राहावं, अशी ही गाठ आहे.

आमच्या परतीच्या वेळी ती गाठ पंख्यालाच बसली. जयगडला आणखी एक दिवस काढायचं ठरलं होतं. पण एकाला सोमवारी ऑफिसात हजर राहायचं होतं, म्हणून रात्रीच नांगर उचलला. हर्णै मागे पडलं होतं, केळशी यायची होती. वारा अगदी बारीक, म्हणून जोडीला इंजिन. अचानक आवाज बदलला, घरघर झाली आणि इंजिन बंद पडलं. बॅटरीच्या झोतात पाण्यावर पांढरे गोळे दिसले आणि त्यांच्यामागून बोटीखाली गेलेलं हिरवट नायलॉन.

अशा वेळी हात पहिल्यांदा स्टार्टरकडे जातो. तो आवरायचा. जोर लावला तर शाफ्ट वाकतो किंवा कपलिंग जातं, आणि मग मुंबईपर्यंत दुसऱ्याच्या दोरीने ओढत यावं लागतं. गिअर न्यूट्रल करा, चावी काढून खिशात ठेवा आणि लगेच नांगर टाका, कारण ओहोटीची ओढ बोटीला खडपाकडे कधी नेईल याचा अंधारात पत्ता लागत नाही. आम्हाला नऊ मीटर पाणी मिळालं, तळाला चिखल, नांगर धरला. उजाडेपर्यंत कोणालाही पाण्यात उतरू दिलं नाही. लाटेवर वरखाली होणारं बोटीचं बूड माणसाच्या डोक्यावर आपटलं तर तो हातोडाच. म्हणून खाली जाणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट हवं आणि कमरेला दोरी. चाकू दातेरी, पावाचा. गुळगुळीत पात्याचा महागडा चाकू नायलॉनवर नुसता घसरतो. आमच्या शाफ्टवरची दोरी घर्षणाने वितळून काळी, काचेसारखी टणक झाली होती. ती कापायची नसते, करवतायची असते.

काम चालू असतानाच ज्याचं जाळं होतं ती होडी आली. तांडेलाने आधी बोटीकडे नाही, कापलेल्या तुकड्यांकडे पाहिलं. एक तुकडा उचलून बोटांवर ताणला, जाळ्याचे डोळे मोजावेत तसा.

“बावटा दिसला नाय काय?”

काळा बावटा काळोखात दिसणार कसा, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. पण जाळं त्याचं आणि हंगाम त्याचा, तिथे वाद घालायला जागाच नव्हती. नुकसानीचे पैसे विचारले, त्याने सांगितले, दिले. मग त्याचाच एक पोरगा बुडी मारून उरलेला गुंता काढून आला. निघताना तांडेल एवढंच म्हणाला, “रातचं चालायचं तर भायेर काढा बोट. नायतर उजेडात चाला.”

बाहेर काढली की मतलई वारा हातचा जातो आणि आपण ट्रॉलर व मालवाहू जहाजांच्या वाटेत जाऊन पडतो. म्हणून मी दुसरा पर्याय धरतो. पहिल्या उजेडाला निघायचं, एकजण नाळेवर उभा राहून बावटे बघेल, बारा-साडेबारापर्यंत पुढचं बंदर. दिवसाला २५ मैल झाले तरी पुष्कळ. परतीचे दिवस सरळ दुप्पट धरा, आणि ज्याला सोमवारी ऑफिस गाठायचंच आहे त्याला रत्नागिरीला उतरवून कोकण रेल्वेत बसवा. यात कमीपणा नाही. काही बोटमालक तर गोव्यातच बोट सोपवतात आणि पगारी खलाशी ती सवडीने वर आणतात.

आता बंदरं. सगळी बघायची हाव धरू नका. जंजिऱ्याला आपली बोट किल्ल्याच्या दरवाज्याशी लावायचा विचारही नको. खाडीत आडोशाला नांगर टाका आणि राजपुरीच्या शिडाच्या होडीतून चारचौघांसारखे जा. मालवणला सिंधुदुर्गाभोवती खडपं इतकी आहेत की नकाशा असला तरी स्थानिक माणूस बोटीवर घेतल्याशिवाय आत शिरू नये. शिवाय तिथे पाण्याखाली प्रवाळ आहेत, त्यावर नांगर टाकणं म्हणजे पाहुण्याने घरातली काच फोडणं.

मन भरून राहावं ते विजयदुर्गला. वाघोटणच्या खाडीत शिरलं की वायव्येची लाट मागेच राहते आणि रात्री कपबशीसुद्धा हलत नाही. आंग्र्यांनी आरमाराचं ठाणं इथे का केलं, ते किल्ल्यावरच्या फलकापेक्षा या मुक्कामाने जास्त कळतं. १७५६ साली वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी किल्ला घेतला, तेव्हा आंग्र्यांचं आरमार याच पाण्यात जळालं. किल्ल्यावर ‘साहेबाचा ओटा’ दाखवतात आणि १८६८च्या ग्रहणात लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने इथूनच हेलियमचा शोध लावला असं सांगतात. कौतुकाने ऐका, पण १८६८ साली लॉकियर इंग्लंडात होता. त्या ग्रहणाला गुंटूरला होता तो फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन. लॉकियर विजयदुर्गला आला तो २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणासाठी. मला तर ही खरी गोष्ट जास्त आवडते. दुर्बिणी आणि माणसं घेऊन तीही मंडळी समुद्रमार्गेच इथे उतरली होती.

किल्ला बघायला सगळेच एकदम उतरू नका. एकजण बोटीवर राहिलाच पाहिजे, पाळीपाळीने. वारा फिरतो, नांगर सरकतो, शेजारची मच्छीमार बोट निघताना आपली साखळी उचलते. साखळी सोडताना खोली मोजायची ती भरतीची, आणि तिच्या पाचपट सोडायची. मुंबईला उधाणात पाणी ४ मीटरहून जास्त चढतं-उतरतं, गोव्यात त्याच्या निम्मंच. धक्क्याला दोऱ्या आवळून बांधलेली बोट ओहोटीला टांगलेली सापडते, ती याच कारणाने. पूर्ण भरतीची ढोबळ वेळ काढायला तिथीला पाऊणपट करा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा हिशेब मुंबईचा. खाली जावं तशी भरती थोडी आधी येते. किल्ल्याच्या वेळा ठरवायला एवढं पुरतं. खाडीच्या तोंडावरचा वाळूचा दांडा ओलांडताना मात्र पुरत नाही, तिथे देहरादूनच्या भारतीय सर्वेक्षण विभागाचं भरती-ओहोटीचं कोष्टकच उघडायचं.

कागदपत्रांचा कंटाळा करू नका. २००८च्या नोव्हेंबरात अतिरेकी ‘कुबेर’ या मच्छीमार बोटीतून मुंबईच्या किनाऱ्याजवळ आले. त्यानंतर अनोळखी बोट दिसली की चौकशी होणारच, आणि व्हायलाच हवी. नोंदणी, विमा, प्रत्येकाचं ओळखपत्र, बोटीवरच्या माणसांची यादी. सगळ्याच्या चार-पाच प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. बंदरात शिरल्यावर आधी बंदर निरीक्षकाचं कार्यालय आणि सागरी पोलीस, मग चहा. स्वतःहून गेलात तर डिझेलचे कॅन रिक्षात कुठून भरायचे तेही तिथेच कळतं. व्हीएचएफ चॅनल १६ वर ठेवा. मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या, एकट्या कप्तानाच्या नव्हे.

आणि परत यायला मे उजाडू देऊ नका. मेच्या मध्यापासून नैऋत्येची लांब लाट येऊ लागते, खाड्यांच्या तोंडांवर पाणी फुटतं, मुक्कामाची निम्मी बंदरं बाद होतात. १ जूनपासून मासेमारी बंद, म्हणजे अडलात तर हाकेला ओ द्यायला होडीही नसते. शिवाय बोट पाण्याबाहेर काढायच्या क्रेनचे नंबर सगळ्यांनाच मेच्या शेवटच्या आठवड्यातले हवे असतात. तुमचा निघण्याआधीच लावून ठेवा.