निवडलेला कोळसा आधी गार होऊ द्या

भट्टीतला उरलेला कोळसा चाळून ठेवावा, फेकू नये, या मताची मी आहे. लाकडी कोळसा म्हणजे शेवटी तोडलेलं झाड, आणि भाजणं संपल्यावर बराचसा कोळसा शाबूत उरतो. पण भट्टी पेटली त्या रात्री हे चाळण्याचं काम करायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. एका पहाटे आमच्या घरात जे घडलं, त्यानंतर मी हे भेटेल त्याला सांगत आले आहे.

आम्ही मूळचे जळगावकडचे. दिल्लीत द्वारकेला डीडीएच्या वसाहतीत तळमजल्यावर राहतो, मागे छोटंसं अंगण आहे. खानदेशी माणूस कुठेही गेला तरी थंडीत भरताचा बेत केल्याशिवाय राहत नाही. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ती हिरवी, मोठी वांगी आम्ही गावाकडून येणाऱ्याबरोबर मागवतो. गावी ती कपाशीच्या पऱ्हाट्यांवर नाहीतर तुराट्यांवर भाजतात. द्वारकेत पऱ्हाट्या कुठून आणायच्या? म्हणून आम्ही पत्र्याच्या पिंपाची भट्टी करून घेतली. खाली हवेला दोन भोकं, मध्ये जाळी, वर झाकण आणि छोटं धुराडं. झाकण ठेवलं की वांग्याला भाजण्याबरोबर धुराचा वासही लागतो. हल्ली याला सगळे स्मोकर म्हणतात.

एका डिसेंबरात घरात पाहुणे होते. जेवणं झाली, थंडी वाढली, आणि आवराआवरीत माझ्या भाच्याने पिंप रिकामं केलं. मुलगा कामसू आणि नीटनेटका. रेती चाळायच्या जाळीवर कोळसा घेऊन त्याने राख लोखंडी घमेल्यात पाडली आणि चांगले तुकडे वेगळे केले. लाल काही दिसत नव्हतं. राखेत विस्तव असतो हे ठाऊक असल्यामुळे घमेलं त्याने अंगणात भिंतीपासून लांब ठेवलं. निवडलेला कोळसा मात्र दवाने भिजू नये म्हणून तागाच्या पोत्यात भरून स्वयंपाकघरामागच्या बंद व्हरांड्यात नेला.

सासूबाईंची खोली स्वयंपाकघराला लागून. पहाटे त्या उठल्या त्या डोकं धरूनच, मळमळतही होतं. रात्रीच्या झणझणीत भरताचं पित्त असेल असं समजून पाणी प्यायला आल्या, तेव्हा त्यांना ताग जळल्याचा वास आला. त्यांनी मला हाक मारली. व्हरांड्याचं दार उघडलं तर पोत्याच्या पोटात रसरशीत विस्तव. ज्वाळा नव्हती, धूरही फारसा नव्हता. शेजारी रद्दीचा गठ्ठा आणि हातभर अंतरावर भरलेला गॅस सिलिंडर. आम्ही दारं-खिडक्या उघडल्या, सासूबाईंना बाहेर नेलं, पोतं फावड्याने अंगणात ओढून त्यावर पाणी ओतलं. रुग्णालयात त्यांना काही तास ऑक्सिजन दिला आणि त्या बऱ्या झाल्या. घमेल्यातली राख तोवर गार पडली होती.

सगळे राखेला भितात, निवडलेल्या कोळशाला कुणी भीत नाही. राख म्हणजे जळून संपलेला भाग. तिच्यात दडून राहिलेले निखारे धोक्याचे असतात, ती स्वतः पेटत नाही. निवडलेला कोळसा मात्र निव्वळ जळण असतो. शिवाय निखाऱ्यावर राखेची गोधडी असते तोवर त्याला हवा कमी मिळते आणि तो आतल्या आत मंद धुमसतो. चाळलं की ती गोधडी निघते, हवा थेट भिडते आणि पोत्यात तुकड्याला तुकडा लागून ऊब साठत जाते. आपण निवडतो म्हणजे खरं तर त्याला जागं करतो. डोळ्यांवर तर मुळीच भिस्त ठेवू नये. कुठलीही वस्तू अंधारात लाल दिसू लागते ती सुमारे ५२५ अंश सेल्सिअसला. कागद त्याच्या निम्म्याहून कमी तापमानाला पेटू शकतो. काळा दिसणारा तुकडा पोतं पेटवायला पुरेसा असतो.

म्हणून भाजणं झालं की भट्टीची सगळी भोकं आणि धुराडं बंद करा, झाकण घट्ट लावा आणि पिंप उघड्यावरच राहू द्या. हवा तुटली की कोळसा विझतो आणि वाचतोही. त्यावर पाणी ओतू नका: वाफेने हात भाजतात, तापलेला पत्रा वाकतो आणि भिजलेली राख तळाशी थापून बसते व पत्रा गंजतो. पूर्ण दोन दिवस जाऊ द्या. मग पिंपाला बाहेरून हात लावा, आतल्या राखेत लोखंडी सळई खुपसून थोड्या वेळाने तीही चाचपा. दोन्ही गार असतील तरच जाळी हाती घ्या. नाकातोंडाला फडकं बांधा, राख फार बारीक असते. वारा असेल तर थांबा. मे महिन्यातल्या दिल्लीच्या आंधीत तर भट्टी पेटवायचीसुद्धा नाही.

चाळताना अक्रोडाएवढे किंवा त्याहून मोठे तुकडे ठेवा. चुरा ठेवू नका, तो पुढच्या वेळी फटी बुजवतो आणि भट्टी तापत नाही. तेल किंवा चरबी गळून माखलेला तुकडाही काढून टाका, त्याचा धूर कडवट येतो. ब्रिकेट, म्हणजे चुरा दाबून केलेल्या कोळशाच्या वड्या, एकदा अर्धे जळले की भुसभुशीत होतात, त्यांच्यासाठी खटपट करण्यात अर्थ नाही. निवडलेला कोळसा पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि डबा फरशीवर, घराबाहेर, आडोशाला ठेवा. पोतं, खोका, प्लास्टिकची बादली यातलं काही नको. हा कोळसा लवकर पेटतो पण लवकर संपतो, म्हणून नव्या कोळशावर वरून घालावा.

राखेचं काय करायचं, हे मला नेहमी विचारतात. लाकडी कोळशाची निखळ राख भांड्यांना चालते. ब्रिकेटच्या राखेत बांधणीचे इतर पदार्थ असतात, ती भांड्यांना नको, झाडांनाही नको. लाकडाची राखही कुंड्यांत बेताने घालावी, कारण ती अल्कधर्मी असते आणि दिल्लीची माती आधीच त्या बाजूला झुकलेली आहे. उरलेली राख पाणी शिंपडून, गार असल्याची खात्री करून मगच कचऱ्यात द्या. एका निखाऱ्याने कचरागाडीही पेटू शकते.

सासूबाईंना त्या पहाटे झालेला त्रास पित्ताचा नव्हता. कोळसा धुमसतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. आम्हाला वास आला तो तागाचा. पत्र्याचं उघडं घमेलं असतं तर तोही आला नसता. घरोघरी असलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे फसवतं, या विषबाधेतही ते आकडा चांगलाच दाखवतं. डोकं जड झालं, मळमळलं, आणि जवळपास कोळसा असेल तर आधी माणसाला मोकळ्या हवेत न्या, मग थेट रुग्णालयात.

जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीच्या अलीपूर भागातल्या खेडा कलां गावात बंद खोलीत कोळशाची अंगीठी ठेवून झोपलेले पती-पत्नी आणि त्यांची दोन मुलं दगावली. म्हणून उरलेले निखारे दयेपोटी रखवालदाराच्या खोलीत देऊ नका. प्रदूषण वाढल्यावर दिल्लीत लागू होणाऱ्या ग्रॅपच्या नियमांत वसाहतींनी रखवालदारांना विजेचे हीटर द्यावेत असं सांगितलेलं आहे. आपल्या वसाहतीत ते दिले आहेत का, हे समितीला विचारा. आम्ही भरताचा बेत आता हवा जरा निवळल्यावर, फेब्रुवारीच्या अखेरीस करतो. वांगी तेव्हाही चांगली मिळतात.

आगीसाठी दिल्ली अग्निशमन सेवेचा क्रमांक १०१ आहे आणि कुठल्याही संकटात ११२. हे दोन्ही आकडे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना पाठ करून ठेवायला सांगा.